स्पॉट वेल्डरच्या नोंदी: २ टक्के कशाचे?

३ नोव्हेंबर

दिवाळी संपली आणि दुकानात पंपांची रांग लागली. ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागांत या दिवसांत डावणी रोगाच्या धास्तीने कुणी एक दिवस थांबायला तयार नसतं. दिंडोरी रोडने येणारा प्रत्येक तिसरा माणूस पाठीवरचा बॅटरी पंप घेऊन येतोय आणि तक्रार एकच: अर्धा एकर झाला की पंप बसतो. आतली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी दोन हंगामांत दमते. त्या जागी मी गेल्या वर्षापासून १८६५० नावाच्या नळकांडी सेलचे लिथियम पॅक बांधून देतोय.

आतापर्यंत सेलला निकेलची पट्टी सोल्डरने लावत होतो. हे चूक आहे हे माहीत होतं. सेलचं बूड तापेपर्यंत सोल्डरिंगची इस्त्री धरून ठेवावी लागते आणि ती उष्णता आत जाते. म्हणून यंदा स्पॉट वेल्डर, म्हणजे क्षणभर प्रचंड प्रवाह सोडून पट्टी सेलला ठिपक्यांत जोडणारं यंत्र, करायचा ठरवला. तयार घ्यायचा तर पैसे आहेत, पण मग मजा काय.

आराखडा असा: जुन्या कारची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी, २५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल, तांब्याची दोन टोकं, मध्ये स्विच म्हणून सहा मॉसफेट समांतर (मॉसफेट म्हणजे गेट या पायावर व्होल्टेज दिलं की प्रवाह सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). वेळ मोजायला अर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, पायाखाली पेडल. नॅनोचे ५ व्होल्ट गेटला पुरत नाहीत, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टरची जोडी टाकून गेटला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट दिले.

मॉसफेट कोणते? आयआरएफझेड४४एन. एमजी रोडवर कुठल्याही काउंटरला 'झेड फोर्टीफोर' म्हटलं की डबा पुढे येतो. ५५ व्होल्ट, ४९ अँपिअर. आणि त्याच्याच खाली पल्ससाठी, म्हणजे क्षणभराच्या झटक्यासाठी, १६० अँपिअर. सहा गुणिले १६० म्हणजे ९६०. मला लागणार ६००च्या आसपास. भाचा म्हणाला, "मामा, चार पण पुरतील." म्हटलं, असू दे सहा, हात राखून काम केलेलं बरं.

डेटाशीटच्या, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाच्या, तळाला बारीक अक्षरात होतं: पल्सची रुंदी ४०० मायक्रोसेकंदांपर्यंत, ड्यूटी सायकल (एकूण वेळापैकी चालू राहण्याचा वाटा) २ टक्क्यांपर्यंत. माझी पल्स १० मिलिसेकंदांची. म्हणून प्रोग्रॅममध्ये दोन वेल्डमध्ये ४९० मिलिसेकंदांची सक्तीची विश्रांती टाकली. दहा भागिले पाचशे, बरोबर २ टक्के. नियम पाळल्याचं समाधान मिळालं.

(४०० मायक्रोसेकंदांचं काय? ते वाचलं होतं. सोडून दिलं होतं. हे आज लिहिताना कळतंय.)

५ नोव्हेंबर

सकाळी पहिला पॅक. तीसेक वेल्ड छान बसले. 'टक्' असा आवाज, निकेलवर दोन बारीक खळगे. एकतिसाव्याला आवाज आला नाही. त्याऐवजी पट्टी लाल झाली, मग पांढरी, आणि टोक सेलला चिकटलं. मी पाय पेडलवरून कधीच काढला होता. प्रवाह थांबेना.

मॉसफेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. म्हणजे स्विच बंद होत नाही, कायमचा चालू होतो. हे पुस्तकी वाक्य मी भाच्याला चारदा सांगितलेलं आहे. पण हातात ६०० अँपिअरचं टोक चिकटलेलं असताना ते वेगळं समजतं. बॅटरीचा क्लॅम्प हिसकावून काढला, सेलला भोक पडलं होतं, तो चिमट्याने उचलून बाहेर वाळूच्या बादलीत टाकला. अर्धा तास दुकानात कुणाला येऊ दिलं नाही.

मग एक गोष्ट केली, सवयीने. मॉसफेटच्या टॅबवर, म्हणजे पाठीच्या धातूच्या पट्टीवर, बोट ठेवलं. थंड. म्हणजे नोव्हेंबरच्या सकाळी धातू जेवढा गार असतो त्याहून किंचित कोमट. सहापैकी दोन मेलेले, आणि टॅब चहाच्या कपाइतकाही गरम नाही.

संध्याकाळी मोठा हीटसिंक लावून चार नवे टाकून पाहिले. बावीस वेल्ड, आणि पुन्हा एक गेला. या वेळी क्लॅम्पला दोरी बांधून ठेवली होती, एका झटक्यात सुटला. हीटसिंक अर्थातच गार.

६ नोव्हेंबर

दिवसभर पंप. रात्री डेटाशीट प्रिंट काढून समोर घेतली.

पहिला आकडा ४९ अँपिअर. शेजारी अट लिहिली आहे: केसचं तापमान २५ अंश. केस म्हणजे टॅब, हवा नव्हे. टॅब २५ अंशांवर धरून ४९ अँपिअर चालवायचे तर डिसेंबरात पहाटे निफाडला जाऊन बसावं लागेल, आणि तरीही जमणार नाही. टॅब १०० अंशांवर असेल तर हाच आकडा ३५ होतो.

४९ आला कुठून हेही काढता येतं. जास्तीत जास्त पॉवर ९४ वॅट दिली आहे. ४९ चा वर्ग २४०१. ९४ भागिले २४०१ म्हणजे ३९ मिलिओहम. पण टेबलात रोध १७.५ मिलिओहम आहे! सव्वादोन पट फरक. तो फरक तापमानाचा: जंक्शन, म्हणजे आतली चिप, १७५ अंशांवर गेलं की रोध तेवढा वाढतो, त्याचा ग्राफ आत आहेच. म्हणजे ४९ हा कुणी प्रयोगशाळेत वायर जोडून मोजलेला आकडा नाही, उष्णतेचा हिशोब उलटा करून काढलेला आहे. सगळ्या टेबलाचा खरा मालक एकच: जंक्शन १७५ अंशांच्या वर जाता कामा नये.

हे पटल्यावर १६०कडे नवीन नजरेने पाहिलं. त्याच्याही शेजारी एक वर्तुळातला बारीक आकडा आहे.

७ नोव्हेंबर

मागच्या गल्लीतले काका ओझरला एचएएलमधून निवृत्त झालेले. संध्याकाळी चकरा मारताना दुकानात डोकावतात. प्रिंट पाहिली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तू २ टक्के कुठून आणलेस?"

"तळटीप आहे ना काका."

"तळटीप आहे रे. पण कुणाची? नंबर बघ."

पाहिला. १६०च्या शेजारी आहे १. आणि २ टक्क्यांची तळटीप आहे ४ नंबरची. तो ४ पहिल्या टेबलात कुठेच नाही. तो आहे पुढच्या, विद्युत गुणधर्मांच्या टेबलात, रोधाच्या ओळीत. म्हणजे कंपनी म्हणतेय, १७.५ मिलिओहम आम्ही मोजला तेव्हा ४०० मायक्रोसेकंदांहून लहान पल्स देऊन, २ टक्क्यांहून कमी वेळ चालू ठेवून मोजला. कशासाठी? मोजता मोजता चिप तापू नये म्हणून. तापली तर रोध वाढेल आणि २५ अंशांचा आकडा २५ अंशांचा राहणार नाही.

ती परवानगी नव्हतीच. ती मोजणाऱ्याने स्वतःवर घातलेली अट होती, आणि मी ती माझ्या यंत्राचा परवाना समजून चिकटवली.

मग १ नंबरची तळटीप काय म्हणते? पुन्हा पुन्हा देता येईल असा आकडा, पल्सची रुंदी जंक्शनच्या कमाल तापमानाने मर्यादित. बस. ना मिलिसेकंद, ना टक्के. पुढे एका ग्राफचा नंबर.

काका जाताना म्हणाले, "१६० चालेल असं ते म्हणत नाहीयेत. जंक्शन तापू न देता जमलं तर १६०पर्यंत जा, त्यापुढे मात्र कसंही जाऊ नकोस, असं म्हणतायत."

९ नोव्हेंबर

जेवायच्या आधी आई गॅसवर पापड भाजत होती. पापड भाजणं म्हणजे ज्योतीवर आणि बाहेर, ज्योतीवर आणि बाहेर. चिमटा सतत हलता. मी मोजत उभा राहिलो: निम्मा वेळ आगीवर, निम्मा बाहेर. पन्नास टक्के. भाच्याला म्हटलं, आता तूही पन्नास टक्केच दे, पण पाच सेकंद धर आणि पाच सेकंद बाहेर ठेव. त्याने आज्ञाधारकपणे धरला. काळा कोळसा. "माझा उडदाचा पापड आहे, तुमच्या प्रयोगाला बाजारातून आणा," असं ऐकून घेतलं, पण मुद्दा मिळाला. दोघांचीही ड्यूटी सायकल ५० टक्के. एकाचा पापड, एकाची राख.

टक्के हे गुणोत्तर आहे. गुणोत्तरात वेळ कटून जातो. १ टक्का म्हणजे १ मायक्रोसेकंद चालू आणि ९९ बंद, किंवा १ सेकंद चालू आणि ९९ सेकंद बंद. चिपच्या दृष्टीने पहिलं म्हणजे मंद, एकसारखी शेगडी. दुसरं म्हणजे दर दीड मिनिटाला एक पूर्ण होळी आणि मग राख थंड व्हायला भरपूर वेळ.

आता माझा हिशोब, जो मी २ तारखेलाच करायला हवा होता:

प्रवाह ६०० अँपिअर, सहा जणांत वाटून प्रत्येकी १००. १०० × १०० × ०.०१७५ = १७५ वॅट, थंड असताना. मी दर दीड सेकंदाला एक वेल्ड करतो, चालू १० मिलिसेकंद. सरासरी काढली तर प्रत्येकी सव्वा वॅटच्या आत. म्हणून टॅब गार. सरासरी खरी आहे, बोटाला तीच लागते. फक्त चिप सरासरीने मरत नाही, शिखराने मरते.

शिखर काढायला उष्णतारोध लागतो. जंक्शन ते केस: प्रत्येक वॅटला १.५ अंश. तो पूर्ण लावायचा तर पल्स लांब हवी. आखूड पल्समध्ये उष्णता अजून चिपमध्येच असते, खालच्या तांब्यापर्यंत पोचलेली नसते, म्हणून तापमान कमी चढतं. किती कमी, ते सांगणारा ग्राफ म्हणजेच तळटीप १ ज्याकडे बोट दाखवते तो. आडव्या अक्षावर पल्सची रुंदी, उभ्यावर अंश प्रति वॅट, आणि वेगवेगळ्या ड्यूटी सायकलच्या रेघा. डावीकडे रेघा एकमेकींपासून दूर: ५० टक्क्यांची रेघ १.५ च्या निम्म्यावर सपाट होते, कारण तिथे सरासरीच राज्य करते. सगळ्यात खाली एकाच पल्सची रेघ. उजवीकडे, पल्स लांब होत गेली की सगळ्या रेघा एकत्र येऊन १.५ला टेकतात. तिथे ड्यूटी सायकलला काही अर्थच उरत नाही.

माझे १० मिलिसेकंद उजवीकडच्या बाजूला पडतात. हात आखडून फक्त निम्मा आकडा धरला, ०.७५, तरी १७५ वॅटला १३१ अंश चढ. दुकानातले ३० मिळवले की १६१. आणि तोवर रोध दुपटीच्या आसपास गेलेला, म्हणजे वॅट १७५ राहिलेच नाहीत. हे यंत्र तीस वेल्ड कसं चाललं, याचंच नवल.

४९० मिलिसेकंदांच्या विश्रांतीचा उपयोग शून्य. चिप त्याच्या कितीतरी आधी थंड झालेली असायची. मी पेशंट गेल्यावर त्याला आराम करायला सांगत होतो.

११ नोव्हेंबर

दुपारी वीज गेली. मोबाइलवर इतर डेटाशीट चाळत बसलो, हा प्रश्न सगळीकडे कसा लिहितात ते पाहायला.

बीसी५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर: कलेक्टर प्रवाह १०० मिलिअँपिअर, शिखर प्रवाह २००. किती वेळ? लिहिलेलंच नाही. असा आकडा म्हणजे कुंपण, हिशोबाला त्याचा उपयोग नाही. २००च्या वर क्षणभरही जायचं नाही, आणि २००च्या आत पॉवरचा हिशोब तुमचा तुम्ही करा.

रिमोटमध्ये वापरतात तो इन्फ्रारेड एलईडी टीएसएएल६२००: इथे मात्र तीन ओळी सरळ लिहिल्यात. सतत १०० मिलिअँपिअर. १०० मायक्रोसेकंदांच्या पल्स, निम्मा वेळ चालू: २००. १०० मायक्रोसेकंदांची एकच पल्स: १.५ अँपिअर. तीच चिप, पंधरा पटींचा फरक, आणि प्रत्येक आकड्याबरोबर रुंदी दिलेली. यात गंमत अशी की मधल्या ओळीची सरासरी पुन्हा १००च येते. वाचून बरं वाटलं. असं सगळ्यांनी लिहिलं तर माझे तीन मॉसफेट वाचले असते. (नसते. मी ४०० मायक्रोसेकंद वाचूनही सोडलेच होते.)

१एन४००७ हा साधा डायोड: सरासरी १ अँपिअर, सर्ज ३० अँपिअर, ८.३ मिलिसेकंदांच्या एका अर्ध्या साइन लहरीसाठी. ८.३ कशाला, असं भाचा विचारत होता. ६० हर्ट्झची अर्धी लहर तेवढी असते, अमेरिकेतली वीज. आपल्याकडे ५० हर्ट्झ, अर्धी लहर १० मिलिसेकंदांची. तेवढा जास्त वेळ तापणार, म्हणून आपल्याकडे ३० पूर्ण धरू नयेत.

जुन्या फिलिप्सच्या शीटांत या टेबलाच्या डोक्यावर एक ओळ असते: आयईसी १३४ (आंतरराष्ट्रीय विद्युत मानक) प्रमाणे मर्यादा मूल्ये. त्या पद्धतीचा सरळ अर्थ: यातलं कुठलंही एक मूल्य, कुठल्याही वाईट परिस्थितीत, ओलांडायचं नाही. आणि ती पाळायची जबाबदारी यंत्र बनवणाऱ्याची, म्हणजे माझी. एका ओळीतला प्रवाह, दुसऱ्या ओळीतला व्होल्टेज आणि तिसऱ्या ओळीतलं तापमान एकाच वेळी कमाल घेता येईल असं वचन कुणी दिलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावला. उशीरच झाला, पण आता हिशोब हातात होता म्हणून काय शोधायचं ते माहीत होतं. सेलऐवजी दोन निकेल पट्ट्या एकमेकींवर, बॅटरी बाहेर ओट्यावर, क्लॅम्पला दोरी.

प्रवाह मोजायला शंट, म्हणजे माहीत असलेला बारीक रोध, नाही. केबलच शंट. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला साधारण पाऊण मिलिओहम. ६० सेंटिमीटरवर खुणा करून तिथे प्रोब टोचले: पल्समध्ये ०.२६ व्होल्ट. म्हणजे साधारण ५८० अँपिअर. माझा अंदाज ६००. यावर मी थोडा वेळ खूश होतो.

मग ड्रेन-सोर्स, म्हणजे मॉसफेटच्या ज्या दोन पायांतून प्रवाह जातो त्यांच्यामधलं व्होल्टेज. १.७५ व्होल्ट अपेक्षित, तापल्यावर जरा जास्त. स्कोपवर ३ व्होल्ट, आणि पल्सच्या शेवटाकडे चढत जाणारे.

मग गेट. तिथे चोर सापडला. गेटला बॅटरीचेच १२ व्होल्ट दिले होते ना! ६०० अँपिअर ओढल्यावर म्हातारी बॅटरी ७ व्होल्टवर बसते, आणि तिच्याबरोबर गेटही ७ वर. १७.५ मिलिओहम हा आकडा १० व्होल्ट गेटचा आहे. सात व्होल्टवर १०० अँपिअर मागितले की मॉसफेट पूर्ण उघडलेला नळ राहत नाही, अर्धवट पिळलेला होतो. ३ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर, ३०० वॅट प्रत्येकी. माझा ९ तारखेचा हिशोब फारच आशावादी निघाला.

१४ नोव्हेंबर

गेटचा पुरवठा वेगळा केला: बॅटरीतून एक डायोड, मागे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बॅटरी बसली तरी डायोड उलटा होतो आणि कपॅसिटर गेटला धरून ठेवतो. आता पल्सभर गेट ११.५च्या वर. ड्रेन-सोर्स २ व्होल्टच्या आत आला. पाच रुपयांचं काम.

पण बंद होतानाचा काटा, म्हणजे व्होल्टेजची उसळी, पाहिला आणि पुन्हा खुर्चीत बसलो. पल्स संपताना ड्रेनवर व्होल्टेज ६०च्या वर उसळतं आणि १२ मायक्रोसेकंद तिथेच राहतं, माथा चाकूने कापल्यासारखा सपाट. सपाट माथा म्हणजे मॉसफेट ॲव्हलांचमध्ये गेलाय, बंद असूनही जास्त व्होल्टेजने वाहू लागलाय, स्वतःच झेनरसारखा तो धक्का खातोय. केबलच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. सपाट भागाच्या रुंदीवरून केबलचं इंडक्टन्स साधारण १ मायक्रोहेन्री निघतं. ६०० अँपिअरला ऊर्जा १८० मिलिज्यूल, दर वेल्डला.

आता टेबल. पुन्हा पुन्हा घेता येणारी ॲव्हलांच ऊर्जा: ९.४ मिलिज्यूल. एकदाच घ्यायची: ५३० आणि १५०, दोन आकडे शेजारी शेजारी. तळटिपा वाचायला मी आता शिकलोय. ५३०ची तळटीप म्हणते, हा आकडा भाग नष्ट होतानाचा नमुनेदार आकडा आहे, मर्यादेबाहेरचा. म्हणजे डेटाशीटमध्ये त्यांनी मरणाचा आकडाही छापलाय! १५० हा १७५ अंशांपर्यंतचा हिशोबी.

आणि इथे सहा जण वाटून घेत नाहीत. ज्याचा ब्रेकडाउन व्होल्टेज सगळ्यात कमी, तो एकटा सगळं अंगावर घेतो. एका वेळी एक-दोनच का मरत होते, ते कळलं.

१५ नोव्हेंबर

केबली अर्ध्या केल्या, जाणारी आणि येणारी टेपने एकमेकींना घट्ट बांधल्या. टोकांवर उलटी जाडी शॉटकी डायोड. ड्रेन-सोर्सवर १८ व्होल्टचे टीव्हीएस, म्हणजे उसळी गिळणारे डायोड. काटा ३० व्होल्टच्या आत.

डायोडच्या शीटमध्ये पुन्हा ८.३ मिलिसेकंद भेटले.

१८ नोव्हेंबर

काट्याचा बंदोबस्त झाला तरी झेड४४ या कामाचा नाहीच. आयआरएलबी३०३४ चार मागवले. ४० व्होल्ट, रोध जास्तीत जास्त १.७ मिलिओहम, उष्णतारोध ०.४. याच्या टेबलात प्रवाहाचे आकडे पाहून आधीचा मी नाचलो असतो: ३४३, १९५ आणि १३७२.

३४३ हा पुन्हा उलट्या हिशोबाचा: ३७५ वॅट आणि गरम रोध. १९५ हा पाय आणि चिप जोडणाऱ्या आतल्या तारांचा, खऱ्या वस्तूचा आकडा. सतत चालवायचा तर खरी मर्यादा हीच, ३४३ फक्त सिलिकॉनला झेपतील एवढाच त्याचा अर्थ. आणि १३७२? ३४३ला चारने गुणा. बरोबर चौपट, एका अँपिअरचाही फरक नाही. निसर्गात आकडे असे गोल येत नाहीत. चारने गुणलेल्या आकड्यावर मी माझं यंत्र उभं करणार नाही.

माझा हिशोब: रोध कमी झाल्याने प्रवाह वाढेल, ७०० धरला. चौघांत १७५, तारांच्या १९५च्या आत, आणि तोही काही मिलिसेकंदच. १७५ × १७५ × ०.००१७ = ५२ वॅट. गरम रोधासाठी जवळजवळ दुप्पट केले तरी १०० वॅटच्या आत. ग्राफ बघायच्या फंदात न पडता पूर्ण ०.४ लावला: ४० अंश चढ. पल्स कितीही लांब असो, टक्के कितीही असोत, टॅब गार आहे तोवर जंक्शन शंभरीही गाठत नाही. ज्या हिशोबात ड्यूटी सायकल विचारावीच लागत नाही तो हिशोब मला आवडतो.

शिवाय पल्सही कमी केली. आखूड पल्समध्ये तापमान वेळेच्या वर्गमुळाने चढतं, १० ऐवजी ४ मिलिसेकंद केले तर चढ साधारण दोन-तृतीयांशावर येतो. ०.१५ मिलिमीटरच्या पट्टीला ४ पुरतात.

(त्याच वर्गमुळाने ३ तारखेचा मूर्खपणाही मोजला. ४०० मायक्रोसेकंदांच्या जागी १० मिलिसेकंद म्हणजे पंचवीसपट वेळ, फार तर पाचपट चढ. "सोडून दिलं होतं" याची किंमत.)

२१ नोव्हेंबर

दोनशे वेल्ड. एकही गेला नाही. पक्कडने पट्टी ओढून पाहिली: निकेल फाटतं, पण वेल्डचे दोन ठिपके सेलवर तसेच राहतात. असंच हवं.

संपल्यावर टॅबवर बोट ठेवलं. गार. पाच तारखेलाही गारच होता. हात मागे घेतला आणि स्कोपवर ड्रेन-सोर्सचा आकडा पाहिला: ०.४ व्होल्ट, सपाट, शेवटाकडे न चढणारा. आता बोटापेक्षा याच्यावर विश्वास.

क्लॅम्पची दोरी तशीच ठेवली आहे. मॉसफेट कुठलाही असो, मेला तर बहुधा शॉर्टच होणार. केबलमध्ये फ्यूज टाकायचा राहिलाय.

२३ नोव्हेंबर

मोहाडीहून आलेल्या पंपाचा स्पीड कंट्रोलर उडालाय. आत एकटा झेड४४, हीटसिंक नाही. भाचा म्हणाला, "मामा, पाच अँपिअरचा मोटर, ४९चा मॉसफेट. हा कसा मेला?"

म्हटलं, तूच काढ.

त्याने वही घेतली. २० किलोहर्ट्झ, म्हणजे आवर्तन ५० मायक्रोसेकंद, अर्ध्या वेगाला २५ चालू. एवढ्यात चिपला वर-खाली व्हायला वेळच नाही, इथे सरासरी चालते, हलता पापड. ५ × ५ × ०.०१७५, गरम म्हणून दीडपट, पूर्ण वेगाला ०.६६ वॅट. हीटसिंक नाही म्हणून वॅटला ६२ अंश: ४१ अंश चढ. बंद डब्यात, भर उन्हात, हवा ५० धरली तरी नव्वदीत. "मरायला नको होता," तो म्हणाला.

मग त्याने मोटरवरची, बंद होतानाची उसळी वळवणारी डायोड काढून मीटर लावला. दोन्ही बाजूंनी ओपन. काही न बोलता १४ तारखेचं पान उघडलं.

उद्या: मोहाडीच्या पंपाला डायोड आणि नवा झेड४४. दोन पॅक वेल्ड करायचे. फ्यूज.